‘नमस्कार’चे 21 बाइट

‘नमस्कार’ या शब्दात अक्षरं किती? डोळ्यांना चार दिसतात: न, म, स्का, र. पायथॉनला विचारलं तर तो सात सांगतो, कारण स, त्याचा पाय मोडणारी खूण, क आणि काना ही चार चिन्हं तो सुटी सुटी मोजतो. हाच शब्द एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवायला घेतला की आकडा 21 वर जातो. यूटीएफ-8 या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एकट्या ‘न’चे तीन बाइट म्हणजे 224, 164 आणि 168. नेटवर्कला न कळत नाही, म कळत नाही, कानामात्रा तर नाहीच नाही. त्याला फक्त हे आकडे कळतात.

चार, सात आणि एकवीस यांतला फरक ज्याच्या डोक्यात पक्का आहे, त्याचा प्रोग्रॅम मराठी नावं, पत्ते, अर्ज बिनचूक पोचवतो. ज्याच्या डोक्यात तो पुसट झाला आहे, त्याचा प्रोग्रॅम इंग्रजी नावांना सुरळीत चालतो आणि ‘ज्ञानेश्वर’ आला की अडखळतो.

नेटवर्किंग हा विषय कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सगळ्यांनाच असतो. ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर वरून खाली आणि खालून वर पाठ करायचे, तोंडी परीक्षेत सांगायचे आणि सोडून द्यायचे. पुढे नोकरीत फ्रेमवर्क हाताशी येतं, एका ओळीत विनंती जाते, एका ओळीत उत्तर येतं आणि मधल्या प्रवासाचा विचार करायची वेळच येत नाही. दहा-बारा वर्षं काम झालेल्या प्रोग्रॅमरने एकदा तरी या मुळाशी परत जावं असं मला मनापासून वाटतं. तेही पुस्तक वाचून नव्हे, हाताने करून. दोन छोटे प्रोग्रॅम लिहायचे, एक सर्व्हर, एक क्लायंट, आणि मधून हे 21 बाइट पाठवायचे.

लिहायला फारसं काही लागत नाही. सर्व्हरने सॉकेट उघडायचं, बाइंड करून पोर्ट क्रमांक घ्यायचा, लिसन म्हणून कान लावून बसायचं, कोणी आलं की ॲक्सेप्ट करायचं आणि रिसीव्ह करत राहायचं. क्लायंटने सॉकेट उघडून कनेक्ट करायचं आणि सेंड म्हणायचं. संपलं. फंक्शनांचा हा संच बर्कली विद्यापीठातून बाहेर पडलेल्या 4.2 बीएसडी या युनिक्सबरोबर 1983 साली आला. त्याच वर्षी 1 जानेवारीला इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने आपला जुना एनसीपी प्रोटोकॉल बंद केला आणि टीसीपी/आयपी स्वीकारला. त्याची मूळ मांडणी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे 1974 मध्ये प्रसिद्ध केली होती आणि नियमांचा पक्का मसुदा जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर 1981 मध्ये निघाला. आपण जावा लिहीत असू, गो किंवा जावास्क्रिप्ट, आपली विनंती शेवटी याच चार-पाच फंक्शनांतून जाते. आपल्या धंद्यात चाळीस वर्षं टिकलेलं ज्ञान फार थोडं आहे, आणि हे त्यातलं आहे.

आता प्रयोग. क्लायंटने दोनदा सेंड म्हटलं: आधी ‘नमस्कार’, मग ‘मंडळी’. पहिल्याचे 21 बाइट, दुसऱ्याचे 15. सर्व्हरला दोन निरोप मिळतील अशी आपली स्वाभाविक समजूत असते. प्रत्यक्षात त्याला एकदम 36 बाइट मिळू शकतात, आधी 10 आणि मग 26 मिळू शकतात किंवा आणखी कसेही तुकडे पडू शकतात. टीसीपी दोनच गोष्टींची हमी देतो: बाइट क्रमाने येतील आणि मधला एकही गळणार नाही. कुठे एक निरोप संपला आणि दुसरा सुरू झाला, हे त्याच्या गावीही नसतं. नळीच्या एका तोंडातून दोन तांबे पाणी ओतलं तर दुसऱ्या तोंडाशी पहिला तांब्या कुठला आणि दुसरा कुठला हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमिंगमध्ये एकच गोष्ट शिकायची असेल तर मी ही सांगेन. आजवर ज्या चुका सगळ्यात जास्त दिवस लपून राहिल्या, त्यांतल्या पुष्कळशा इथूनच निघालेल्या आहेत.

सर्व्हरमध्ये मुद्दाम एका वेळी दहाच बाइट वाचायला सांगा. न, म, स मिळून नऊ बाइट होतात. दहावा बाइट, 224, हा पाय मोडण्याच्या खुणेचा पहिला तुकडा. तिचे उरलेले दोन, 165 आणि 141, अजून मागेच आहेत. या दहा बाइटांचा मजकूर करायला गेलात की पायथॉन तिथेच थांबतो आणि माहिती मधेच संपली अशी तक्रार करतो. चुकीच्या जागी खूण ठेव असं त्याला सांगितलं असेल तर तो ‘नमस’च्या पुढे एक काळ्या चौकोनातलं पांढरं प्रश्नचिन्ह ठेवतो, पुढच्या खेपेला आलेल्या दोन अनाथ बाइटांसाठी आणखी दोन ठेवतो आणि मग ‘का’ छापतो; ‘र’ही त्या खेपेच्या टोकाला असाच तुटतो. मराठी संकेतस्थळांवर, पावत्यांवर, ओळखपत्रांवर ही प्रश्नचिन्हं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फाँटचा घोळ आहे असं म्हणून बहुतेक जण सोडून देतात. पुष्कळदा फाँटचा काही दोष नसतो. कोणीतरी बाइटांची रांग मधेच तोडून तिला मजकूर समजलेलं असतं.

उपाय साधा आहे. आधी सगळे बाइट गोळा करा, निरोप पूर्ण झाल्याची खात्री करा आणि मगच त्याची अक्षरं करा. पण निरोप पूर्ण झाला हे ओळखायचं कसं? एक तर शेवटी ठरलेली खूण ठेवायची, नाहीतर आधीच लांबी सांगायची. एचटीटीपी दोन्ही करतो: हेडर कुठे संपले हे कोऱ्या ओळीवरून कळतं आणि पुढचा मजकूर किती हे ‘कन्टेन्ट-लेंग्थ’मध्ये लिहिलेलं असतं. ही लांबी बाइटांत द्यायची असते. प्रोग्रॅमरने सहज म्हणून शब्दाची लांबी विचारली, भाषेने सात सांगितली, त्याने सात लिहिले. पलीकडचा इमानदारीने सातच बाइट वाचतो: न, म आणि ‘स’चा पहिला तुकडा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर कितीही चाचण्या घेतल्या तरी ही चूक वर येत नाही. डेटाबेसच्या रकान्याचंही तेच. लांबी बाइटांत मोजणाऱ्या 20 च्या रकान्यात देवनागरीची सहाच चिन्हं मावतात, आणि ‘ज्ञानेश्वर’मध्ये ती दहा आहेत.

लांबी आधी पाठवायची ठरवली की आणखी एक जुनं भांडण दारात उभं राहतं. 21 हा आकडा चार बाइटांत लिहायचा तर 0, 0, 0, 21 असा लिहायचा की 21, 0, 0, 0 असा? आपल्या लॅपटॉपमधले आणि मोबाइलमधले प्रोसेसर सहसा दुसऱ्या पद्धतीने लिहितात, तर इंटरनेटच्या नियमांत पहिली पद्धत ठरलेली आहे. डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 रोजी या भांडणावर एक प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या, अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या लोकांची नावं दोन्ही पक्षांना दिली. ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ तिथून आले. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. पाठवणाऱ्याने एका पद्धतीने लिहिलं आणि घेणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने वाचलं तर 21 चे 35,23,21,536 होतात. सर्व्हर 21 बाइट घेऊन बसलेला असतो आणि उरलेल्या पस्तीस कोटींची वाट पाहत राहतो. पडद्यावर एकही चूक दिसत नाही, सगळं नुसतं थिजलेलं असतं.

हे सगळं चाचणीच्या वेळी का कळत नाही? कारण चाचणी आपण आपल्याच मशीनवर घेतो. 127.0.0.1 हा पत्ता वापरला की बाइट मशीनबाहेर पडतच नाहीत. लिनक्सवर या आतल्या वाटेची एका पॅकेटची, म्हणजे बाइटांच्या एका गठ्ठ्याची, मर्यादा 65,536 बाइटांची असते. इथरनेटवर मात्र मर्यादा 1,500 ची. त्यातले किमान 20 आयपीच्या हेडरला आणि 20 टीसीपीच्या हेडरला गेले की मजकुराला 1,460 उरतात. दोनशे शब्दांचा मराठी अर्ज साधारण चार हजार बाइटांचा होतो. आपल्या मशीनवर तो एकसंध येतो, खऱ्या नेटवर्कवर त्याची तीन पॅकेटं होतात आणि सर्व्हरला कधी पहिलंच मिळतं, कधी दोन मिळतात. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकू येतं, आणि म्हणणारा खरंच बोलत असतो. म्हणून प्रयोग दोन वेगळ्या मशीनवर करा, आणि मजकूर मराठीच घ्या.

वायरशार्क हे मोफत साधन चालू ठेवलंत तर हा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर दिसतो. मजकुराआधी तीन पॅकेटं दिसतील: क्लायंटचा ‘सिन’, सर्व्हरचा ‘सिन-ॲक’, क्लायंटचा ‘ॲक’. त्यानंतर आपले 21 बाइट, 40 बाइटांच्या हेडरसह किमान 61 होऊन निघालेले. घरातल्या घरात हे निमिषात होतं. हाच सर्व्हर न्यूयॉर्कला ठेवला तर? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरलं तरी एका जाण्यायेण्याला 125 मिलिसेकंद लागणार, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. टीसीपीची ओळखपाळख एक फेरी, टीएलएस 1.3 ची सुरक्षेची बोलणी आणखी एक, मग विनंती आणि उत्तर ही तिसरी. पाऊण-एक सेकंद लागला की आपण सर्व्हरला नावं ठेवतो. त्यातला निम्मा वेळ भूगोलाचाच असू शकतो. प्रोसेसर कितीही महाग घेतला तरी तो कमी होत नाही. फेऱ्या कमी करणं किंवा मजकूर वाचकाच्या जवळ आणून ठेवणं एवढंच हातात असतं.

आणखी एक समजूत दुरुस्त करून घ्यायला हवी. सेंड यशस्वी झालं म्हणजे निरोप पोचला असं नाही. तो आपल्याच मशीनच्या कर्नलने आपल्या साठ्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडच्या मशीनची पोच आली तरी तिथला प्रोग्रॅम तो वाचेल, त्याची नोंद करेल, याची हमी नाही. पैसे पाठवताना ‘पेंडिंग’ दिसतं त्यामागे हेच कोडं असतं: विनंती वाटेत हरवली की काम होऊन उत्तर हरवलं, हे पाठवणाऱ्याला नुसतं बसून कळू शकत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच वापरायचा आणि घेणाऱ्याने तो क्रमांक आधी येऊन गेलाय का हे पाहायचं. नाहीतर एकाच भाजीचे पैसे दोनदा जातील.

पुन्हा पाठवण्यावरून 1986 ची हकीकत सांगायलाच हवी, कारण इंटरनेट तेव्हा खरोखर बुडता बुडता वाचलं. जॉन नेगल यांनी जानेवारी 1984 मध्ये आरएफसी 896 या टिपणात इशारा देऊन ठेवला होता की टीसीपी आणि आयपी मिळून एका विशिष्ट प्रकारच्या कोंडीत सापडू शकतात. ऑक्टोबर 1986 मध्ये ती कोंडी झाली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातलं अंतर 400 यार्ड, चालत पाच मिनिटांचं. त्यांच्यामधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. आपल्या ‘नमस्कार’चे 168 बिट होतात. म्हणजे पाच मिलिसेकंदांत जाणाऱ्या शब्दाला, हेडर न धरताही, चार सेकंद.

कुठलीही तार तुटली नव्हती, कोणी हल्ला केला नव्हता. प्रत्येक संगणक आपलं काम नेकीने करत होता. पोच वेळेत आली नाही की त्याला वाटायचं पॅकेट हरवलं, आणि तो ते पुन्हा पाठवायचा. पॅकेट हरवलेलं नसायचं, रांगेत अडकलेलं असायचं. आता रांगेत त्याची दुसरी प्रतही येऊन बसायची. रांग वाढली, पोच आणखी लांबली, आणखी प्रती आल्या. तार भरून वाहत होती आणि त्यातलं बहुतेक सगळं आधीच एकदा पाठवून झालेलं होतं.

व्हॅन जेकबसन तेव्हा त्याच प्रयोगशाळेत होते. त्यांनी माइक कॅरल्स यांच्याबरोबर यावर काम केलं आणि 1988 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मुख्य विचार असा: जुनं पॅकेट नेटवर्कमधून बाहेर पडल्याशिवाय नवं आत सोडायचं नाही. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येत गेली की प्रत्येक फेरीला दुप्पट करत जायचं, पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजून माघार घ्यायची. फेरीला किती वेळ लागतो याचा अंदाज सतत सुधारत राहायचा आणि पुन्हा पाठवण्याआधीचं थांबणं दर खेपेला वाढवत न्यायचं. यासाठी एकही तार बदलावी लागली नाही. बदल झाला तो दोन टोकांच्या संगणकांतल्या प्रोग्रॅममध्ये. कोणी मोठा अधिकारी वर बसून वाहतूक नियंत्रित करत नाही. प्रत्येक पाठवणारा स्वतःहून हात आखडता घेतो, म्हणून सगळ्यांचं चालतं. संगणकशास्त्रात मला याहून सुंदर कल्पना फारशा माहीत नाहीत.

याच सुमाराला भारतात अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची उभारणी चालू होती आणि जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली होती. एनसीएसटीतल्या त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या श्रीनिवासन रमणी यांचं नाव 2014 साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये गेलं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. मुंबई-पुण्यातल्या आजच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत या कामाची आठवण फारशी निघत नाही, ती निघायला हवी.

पुन्हा पुन्हा पाठवत राहण्याची 1986 ची चूक आज आपण वरच्या मजल्यावर पुन्हा करतो. सर्व्हर हळू झाला की ॲप लगेच पुन्हा विचारतं, उत्तर नाही आलं तर पुन्हा, लगेच. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लाखो मुलं आणि त्यांचे पालक हेच हाताने करतात, त्यांचा इलाज नसतो. प्रोग्रॅमने तरी करू नये. एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, मग आठ. त्यात थोडी यदृच्छेची भर घाला, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत धडकणार नाहीत. हे चार ओळींचं काम आहे आणि ते न केल्यामुळे धडधाकट सर्व्हर आडवे होतात.

इंटरनेटवरच्या पत्त्यांबद्दलही थोडक्यात, कारण रकान्याच्या लांबीची चूक तिथेही होते. आयपीव्ही4 चे पत्ते 32 बिटांचे, म्हणजे एकूण सव्वाचार अब्जांच्या आसपास. त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 रोजी संपला. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही6 आता मोठ्या प्रमाणात चालतं, आणि त्याचा पत्ता लिहायला 39 अक्षरं लागू शकतात. पत्त्यासाठी 15 अक्षरांचा रकाना ठेवलेले तक्ते अजूनही भेटतात. आपल्या तक्त्यात एकदा पाहून घ्या.

नेटवर्किंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. ओएसआयचे सात थर जरूर सांगा, पण तोंडी परीक्षेला ते म्हणून घेण्याऐवजी मुलांकडून दोन मशीनवर मराठी निरोप पाठवणारे प्रोग्रॅम लिहून घ्या, एका वेळी दहा बाइट वाचणारे. जे नोकरीत आहेत त्यांनी एक रविवार यासाठी काढावा. टीसीपीचा 1981 चा मसुदा बदलून ऑगस्ट 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी 9293. ती कोणालाही मोफत वाचता येते. प्रोग्रॅम चालवून झाल्यावर ती उघडा, समोर घडलेली प्रत्येक गोष्ट त्यात लिहिलेली सापडेल.